पितळी तुंबा

माझ्या भावाला इंजिन चालू करता येत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या आंधळगावात ज्याला सायकलची उतरलेली चेन चढवता येत नाही, तोही गोपीचंदच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून सांगत फिरला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण मी त्या दिवशी तिथे होते. ते इंजिन सुरू झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही ढिवर. बाबांनी तलावात मासे धरायचे आणि मी ते टोपलीतून बाजारात नेऊन विकायचे, असं आमचं चाललेलं होतं. मग बाबांच्या दोन्ही खांद्यांनी दगा दिला. हात कानाच्या वर जाईना. जाळं फेकणाऱ्या माणसाचा हात वर गेला नाही, की तो ओसरीवर बसून बिड्या ओढतो आणि घरादारावर खेकसतो, तसं बाबांचं झालं. त्याच सुमारास तलाव ठेकेदाराच्या हातात गेला. जन्म ज्याच्या काठावर काढला त्या पाण्यातले मासे मला ठेकेदाराच्या माणसापुढे उभं राहून मागावे लागत. त्याची मर्जी असली तर टोपली भरे, नसली तर मी तशीच परत येई. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे डोळे गोपीकडे लागले होते.

गोपी भंडाऱ्याला मोटारदुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स करत होता. कागदावर त्या संस्थेचं नाव लांबलचक होतं, आम्ही तिला मोटारचं कॉलेज म्हणायचो. सुरुवातीचे कितीतरी महिने तिथे त्यानं नुसता लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासला. हाताला फोड घेऊन घरी आला की माय कपाळावर हात मारायची. "लोखंड घासाले कॉलेजात कायले जा लागते?" म्हणायची. मग हळूहळू जेवताना तो क्लच, ब्रेक, गिअर यांच्या गोष्टी सांगू लागला. माय भाकरी थापता थापता हुंकार द्यायची. तिला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं, पण मुलगा बोलतो आहे यातच तिचं पोट भरायचं.

पास झाला असता तर एसटीच्या डेपोत वर्कशॉपला त्याची जागा ठरल्यासारखी होती. तिथल्या फोरमननं तसा शब्द दिला होता. पण पहिल्या परीक्षेत तो पडला. कार्बोरेटरवर पडला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारी एक डबी. आत बारीक बारीक भोकं आणि नाजूक वस्तू. परीक्षक शेजारी उभा राहिल्यावर गोपीच्या हाताला कापरं भरलं, ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी निसटून बाकाखाली गेली आणि सापडलीच नाही. आता एकच संधी उरली होती. पुन्हा नापास झाला की नाव कटणार आणि डेपोची जागाही जाणार. मायला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचे मास्तर कृष्णराव. जाड चष्म्याचा, तोंडानं फटकळ माणूस. तीन मुली, आणि नोकरी अजून कच्ची. परीक्षा सोमवारी होती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी वर्कशॉपमधला एकुलता एक कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गोपीच्या पिशवीत घातला. "डोळे मिटून खोलता आणि जोडता आला पाहिजे. सोमवारी पहिल्या गाडीनं परत आण. बाहेर गेल्याचं कुणाला कळलं तर माझी नोकरी जाईल," म्हणाले. गोपीनं हे घरी आल्यावर मला एकटीला सांगितलं. मायला आणि बाबांना सांगितलं नाही.

रविवारी सकाळी त्यानं अंगणात पोतं अंथरलं. कार्बोरेटर खोलला, जोडला, पुन्हा खोलला. मग डोळ्यांवर माझी ओढणी बांधून जोडला. हात जराही थरथरला नाही. माय शेजारी उकिडवी बसून एकेक वस्तू न्याहाळत होती. तिनं एक बंद पितळी डबी उचलली. वर्षानुवर्षांच्या पेट्रोलनं ती काळीकुट्ट झालेली होती.

"हे काय होय गा?"

"फ्लोट होय माय. आत पेट्रोल भरलं का हा वर तरंगते, मंग पेट्रोलचा रस्ता बंद होते. पेट्रोल कमी झालं का हा खाली जाते, रस्ता उघडते."

मायनं ती डबी तळहातावर तोलली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "हा तं तुंबा होय! आपल्या जाळ्याचा तुंबा!"

वाळलेल्या भोपळ्याचे तुंबे बांधून जाळं पाण्यावर तरतं ठेवणं हे तिचं जन्माचं काम. दोन वर्षांत त्या कॉलेजातली एक वस्तू तिला समजली होती. तिला झालेला आनंद मी काय सांगू! ओसरीवरच्या बाबांनाही तिनं हाका मारून तो दाखवला.

"इतका काळा तुंबा घेऊन परीक्षेले जाशीन? मोठे साहेब येतीन न?" ती म्हणाली. गोपी हसला.

दुपारी मी आणि गोपी रॉकेल आणायला राशनच्या दुकानावर गेलो. सगळे भाग रॉकेलमध्ये धुवून मग शेवटचं जोडायचं होतं. रांग लांब होती. परत आलो तेव्हा माय चुलीजवळ बसली होती आणि समोर सुपात कार्बोरेटरचे भाग मांडलेले होते. लखलखीत. आमच्या भागात पितळेची भांडी चिंच आणि राखेनं घासतात. सणावाराला माय तिच्या लग्नातला पाण्याचा पितळी गुंड असा घासायची की त्यात तोंड पाहून कुंकू लावता येई. तसंच तिनं हेही घासलं होतं. तुंब्यावर कुंकवाचं बोट होतं आणि वर एक जास्वंदीचं फूल.

गोपीचं तोंड पांढरं पडलं. "राख! माय, राख लावली?"

"वंगाळ झालं का?" माय घाबरून उभीच राहिली. चिंच आणि राखेनं तिच्या बोटांच्या भेगा लाल झाल्या होत्या. गोपीनं त्या बोटांकडे पाहिलं आणि त्याचा सगळा राग गळाला.

"नाई माय. बेस केलं."

मग दिवस बुडेपर्यंत तो एकेक भोक रॉकेलनं धूत होता आणि सायकलच्या पंपानं फुंकत होता. राखेचा कण राहिला नाही. फ्लोट त्यानं कानाशी धरून हलवला, कोरडा होता, आवाज आला नाही. त्याच्या सांध्यावर केसाएवढं एक छिद्र होतं, ते कितीतरी वर्षं त्या काळ्या थरानं बुजलेलं होतं, आणि मायनं तो थर घासून काढला होता, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आम्हाला ते सोमवारी कळलं.

सोमवारी मी मुद्दाम टोपली घेऊन त्याच्याबरोबर भंडाऱ्याला गेले. कॉलेजसमोर कडुनिंबाखाली बसले. वर्कशॉपचं मोठं दार सताड उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं आणि बरंचसं ऐकूही येत होतं. परीक्षक नागपूरचे, सफारी घातलेले. गोपीला त्यांनी कार्बोरेटर खोलायला लावला, जोडायला लावला, प्रश्न विचारले. गोपी उत्तरं देत होता आणि त्याचे हात काम करत होते. मासे विकायचं मी विसरून गेले. त्यानं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

मी उभीच राहिले. काय गोड आवाज होता तो! परीक्षकांनी मान हलवली. दाराशी उभ्या कृष्णरावांनी डोळे मिटून घेतले. डेपोच्या खाकी कपड्यांतला गोपी मला तिथेच दिसला, खोटं कशाला सांगू. परीक्षक थांब म्हणेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं होतं, बस्स, एवढंच राहिलं होतं.

मग आवाज जड झाला. इंजिन गुदमरल्यासारखं धापा टाकू लागलं, काळा धूर आला, कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली ठिबकू लागलं. त्याचा वास माझ्यापर्यंत आला. इंजिन बंद पडलं. गोपीनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. मग घाईनं झाकण खोललं, फ्लोट काढला आणि कानाशी हलवला. आत पेट्रोल भरलं होतं. तुंबा बुडाला होता. गोपीनं मान वळवून बाहेर माझ्याकडे पाहिलं.

परीक्षकांनी फ्लोट गरम पाण्यात बुडवला. सांध्यातून बुडबुडे आले.

"साहेब, कथलाचा डाग देतो," गोपी म्हणाला. "आतलं पेट्रोल काढतो, सांधा बुजवतो अन् आत्ता चालू करून दाखवतो."

"ते राहू दे. आधी हे सांग, फ्लोट इतका घासला कुणी? हे काय पूजेचं भांडं आहे?" परीक्षक कृष्णरावांकडे वळले. "मास्तर, मागच्या आठवड्यात मी सामान तपासायला आलो तेव्हा हा काळा होता. कार्बोरेटर बाहेर गेला होता का?"

कृष्णरावांनी चष्मा काढला. पुसला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटायच्या आत गोपी बोलून गेला.

"मी घासला साहेब. सकाळी. इथंच. चांगला दिसावा म्हनून."

"दोन वर्षं शिकून तू भांड्यासारखा फ्लोट घासतोस? आणि उद्या गाड्या तुझ्या हातात द्यायच्या?"

"एकडाव डाग देऊ द्या साहेब. एकडाव." गोपी तेच तेच बोलत राहिला. मग तो खाली वाकला आणि त्यानं त्यांच्या बुटांना हात लावला. माझा भाऊ, जो ठेकेदाराच्या माणसापुढे कधी वाकला नाही! मला ते पाहवेना. टोपली तशीच सोडून मी आत शिरले, माशांच्या वासासकट.

"साहेब, इंजिन चालू झालं होतं. तुमी पाह्यलं न!"

"तुम्ही कोण?"

"मोठी बहीन होय मी याची. साहेब, यानं नाई घासलं ते. ते तं घरी…"

गोपीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. "बाई, चूप."

मी कृष्णरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. या माणसानं आता तोंड उघडावं, म्हणून मी मनात त्यांच्या पाया पडत होते आणि मनातच त्यांना शिव्याही घालत होते. त्यांच्या तीन मुली मला ठाऊक होत्या, मोठी लग्नाला आलेली. ते बोलले नाहीत. त्यांना माफ करावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

बाहेर आलो तर माझ्या टोपलीत कुत्र्यांनी तोंड घातलं होतं. मी त्यांना हाकललंही नाही.

बसमध्ये गोपी खिडकीशी बसला होता. बाहेर बघतच म्हणाला, "मायले सांगू नोको."

"काहून? किती दिवस लपवशीन?"

"इंजिनच जुनं होतं म्हनून सांगू. बाई, तिनं एक वस्तू वळखली होती वो. एकच." आणि तो रडायला लागला. भर बसमध्ये, माणसांदेखत. मी त्याला ओढणीआड घेतलं. दुसरं मला काय करता येणार होतं? तलाव गेला होता, बाबांचे हात गेले होते आणि आता हाही रस्ता बंद झाला. ठेकेदार त्याच्या ट्रकवर मासे चढवायला माणूस शोधत होता. आता गोपीला तिथेच जावं लागणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

माय दारातच उभी होती. पाय धुवायला पाणी काढून ठेवलेलं. गोपीनं तिच्याकडे न पाहता सांगून टाकलं, "इंजिन जुनं होतं माय. चाललं नाई. पडलो."

बाबांनी बिडी विझवली आणि भिंतीकडे तोंड केलं. माय खाली बसली. मग हळूच विचारलं, "अन् तुंबा? तुंबा तं चांगला होता न?"

"हो माय. साहेब हातात घेऊन पाहतच राह्यले."

मायच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग त्याईचं बाकीचं इंजिन मळकं असन. पुढच्या परीक्षेले सारंच घरी आन. मी सारंच घासून देईन."

गोपी म्हणाला, "आनतो माय."