विकाऊ घरातली पंगत

सन दोन हजार तेवीस, सप्टेंबर महिन्याची पंधरा तारीख, वार शुक्रवार, सायंकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. स्थळ, फ्रान्स देशाच्या क्रूझ जिल्ह्यातील ला व्हिलात नावाच्या सात उंबऱ्यांच्या वस्तीतले शेवटचे दगडी घर. या घरात बावीस वर्षे पाहुणघर चालवणाऱ्या आन्सेल्म व्हेर्न्यो यांनी त्या क्षणी सशाच्या रश्श्याचे भांडे मेजाच्या मधोमध ठेवले आणि मनातल्या मनात देवाचे नाव घेतले. देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पण दुसरा उपाय उरला नाही की माणूस श्रद्धासुद्धा उसनी आणतो.

मेजाभोवती पाच माणसे होती. खिडकीपाशी, ठरलेल्या खुर्चीवर, होनोरे देल्कूर बसले होते. लील शहराचे हे गृहस्थ रेल्वेच्या वेळापत्रक कचेरीतून निवृत्त झालेले विधुर. दर सप्टेंबरचा तिसरा आठवडा ते या घरात काढीत, आणि त्यांचा हा आठवडा गेल्या एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेला नव्हता. त्यांच्या समोर बोर्दोहून आलेले सिल्वेन आणि नोएमी बेर्तिये हे तिशी ओलांडलेले जोडपे होते. देल्कूरांच्या समजुतीप्रमाणे तेही आपल्यासारखेच सुट्टीला आलेले. वस्तुस्थिती अशी की ते घर विकत घ्यायला आले होते. दुपारी, देल्कूरसाहेब रानात अळंब्या शोधीत हिंडत असताना, दलालाने त्यांना माळ्यापासून तळघरापर्यंत सारे घर दाखवले होते. ते त्यांना मनापासून आवडले होते. आणि एक रात्र राहून पाहतो, मग सांगतो, असे म्हणून त्यांनी निळी खोली घेतली होती. दोन वर्षांत घर पाहायला येणारी ही अकरावी मंडळी, आणि रात्र राहून पाहणारी पहिलीच.

मेजाच्या टोकाला, दोन उशांच्या खुर्चीत, आन्सेल्मची पत्नी ओदेत बसली होती. वय झाले म्हणून घर आधीच विकायला काढले होते; त्यात गेल्या जानेवारीत ती तळघराच्या पायऱ्यांवरून पडली. रस्त्यावर बर्फ गोठलेले असल्यामुळे रुग्णवाहिकेला चढण चढता येईना. ओदेत दीड तास त्या थंडगार दगडावर पडून राहिली आणि आन्सेल्म तिच्या अंगावर घरातल्या सगळ्या रजया घालून तिच्या शेजारी बसून राहिले. खुब्याचे हाड जुळले, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने साफ सांगितले की असा दुसरा हिवाळा या बाईला परवडायचा नाही. तेव्हापासून ती स्वयंपाकघरामागच्या चादरींच्या खोलीत, एका अरुंद खाटेवर झोपत असे. मुलीने गेरे शहरात, इस्पितळापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्याचे घर पाहून ठेवले होते. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. हे घर विकल्याशिवाय ते घर मिळणे शक्य नव्हते. आन्सेल्मने अजून हिवाळ्याची लाकडे सांगितली नव्हती. लाकूडवाला गास्पार दोनदा विचारून गेला होता, आणि दोन्ही वेळा आन्सेल्म म्हणाले होते, "बघू." लाकडे सांगणे म्हणजे हरलो असे कबूल करणे, अशी काहीतरी त्यांची समजूत झाली होती.

विक्रीची गोष्ट नेहमीच्या पाहुण्यांपासून लपवावी, हा सल्ला दलालाचा. "तुमचं घर म्हणजे दगडमाती नाही, मस्यो व्हेर्न्यो," तो म्हणाला होता, "तुमचं घर म्हणजे ही भरलेली नोंदवही. दर वर्षी येणारी माणसं. घेणाऱ्याला ती दिसली पाहिजेत. बातमी फुटली तर पुढच्या वर्षीची खोली कोण सांगून ठेवील?" युक्तिवाद बिनतोड होता. त्यामुळे फाटकावर पाटी लागली नाही, वस्तीत कोणाला सांगितले गेले नाही, आणि देल्कूरांना तर मुळीच नाही.

यात एक गोष्ट दलालाच्या हिशेबातून सुटली होती. पाहुणघरात जेवण द्यायचे तर यजमानाने पाहुण्यांच्याच पंगतीला बसायचे आणि सगळ्यांनी एकच अन्न खायचे, असा या व्यवसायाचा नियम आहे. बावीस वर्षे आन्सेल्मला हा नियम जगातल्या सर्व नियमांहून शहाणपणाचा वाटत आला होता. आज प्रथमच त्यांच्या ध्यानात आले की पंगतीतून यजमानाला उठता येत नाही, आणि पंगतीत कोण काय बोलेल हे यजमानाच्या हाती नसते.

"काय शांतता आहे इथं!" नोएमी म्हणाली. "तुम्ही बरीच वर्षं येता का?"

"एकोणीस, मादाम. एकोणीस!" देल्कूरांनी रुमाल गळ्याशी खोचला. "करोनाच्या साली तोंडाला फडकं बांधून आलो, पण आलो."

"म्हणजे घराची खडान्‌खडा माहिती असणार तुम्हाला," सिल्वेन सहज म्हणाला, आणि ते सहज नव्हते हे आन्सेल्मला लगेच कळले.

"खडान्‌खडा? अहो, या मालकापेक्षा जास्त! काय व्हेर्न्यो?"

"रस्सा निवतोय, देल्कूरसाहेब," आन्सेल्म म्हणाले. "अळंब्या तुम्हीच आणलेल्या. आधी चाखून तरी बघा."

"चाखतो हो. यांना तळघराची गोष्ट सांगितलीत का?"

"ती जुनी झाली," ओदेत म्हणाली.

"जुनी कसली? दोन हजार सोळा, जून महिना. त्या वर्षी मी जूनमध्येही आलो होतो. सकाळी बघतो तर काय, तळघरात कमरेएवढं पाणी, आणि त्यावर बटाटे तरंगतायत! बदकांसारखे! घराच्या खालीच झरा आहे ना. पाऊस झाला की तो वर येतो आपला, भेटायला. आणि या मादाम गुडघ्यापर्यंत बूट घालून कॉफी वाढतायत, जसं काही घडलंच नाही! अशी बाई शोधून सापडायची नाही."

सिल्वेनने नोएमीकडे पाहिले. दुपारी तळघर कोरडे ठणठणीत होते आणि दलाल म्हणाला होता, इथे तुम्हाला द्राक्षारसाच्या बाटल्या ठेवता येतील.

आन्सेल्मने मेजाखालून देल्कूरांच्या पायावर पाय दाबला. देल्कूरांनी खाली न पाहता सशाच्या मांसाचा एक तुकडा जमिनीवर सोडला. "घे रे बाबा, घे," ते मायेने म्हणाले. म्हातारा कुत्रा पोम्पों चुलीपाशी झोपला होता. वासाने तो उठला, तुकडा खाऊन गेला, आणि देल्कूरांचा समज पक्का झाला.

"पण नंतर दुरुस्त केलं असेल की," नोएमी म्हणाली.

"पंप बसवला आहे," आन्सेल्म घाईने म्हणाले.

"बसवला आहे, बसवला आहे! वीज असली की उत्तम चालतो. फक्त पाऊस जोराचा झाला की वीज जाते." देल्कूर मनापासून हसले. "तुमची खोली कोणती? निळी? मग वरचे शेजारी भेटले का?"

"वर तर माळा आहे ना?"

"वटवाघळं! पन्नासच्या वर. मी मोजली आहेत, संध्याकाळी बाहेर पडताना. मला रेल्वेची सवय. निघण्याची वेळ अगदी ठरलेली, मिनिटाचा फरक नाही. आमच्या गाड्यांना जमलं नाही ते त्यांना जमतं."

"मग त्यांना घालवायचं कसं?" सिल्वेनने विचारले. तो दुपारी माळ्यावर आणखी दोन खोल्या काढायचे म्हणत होता.

"घालवायचं? छे! कायद्यानं हात लावता येत नाही. या घरात खरा कायम मुक्काम त्यांचाच. आम्ही आपले वाटसरू."

आन्सेल्मने पुन्हा पाय दाबला. या खेपेस जरा जोराने. पुन्हा एक तुकडा खाली गेला. "आज फारच भुकेला दिसतो," देल्कूर म्हणाले.

खोटे बोलावे असे आन्सेल्मला क्षणभर वाटले. पण खोटे बोलायचे म्हणजे देल्कूरांना खोटे पाडायचे, आणि देल्कूर तारीख-वार सांगून सिद्ध करणारे गृहस्थ. खरे सांगावे, तर आठवडाभरात दर सप्टेंबरात येणाऱ्या साऱ्या पाहुण्यांना, त्या सप्टेंबरवाल्यांना, बातमी. दोहोंकडून वाट बंद होती. ते पावाचे तुकडे करीत राहिले. कोणाला नको असताना त्यांनी आख्खा पाव कापून काढला.

नोएमीने फोनबद्दल विचारले. ती घरबसल्या काम करणारी होती. देल्कूर आनंदाने म्हणाले की फोन लागतो, उत्तम लागतो, मात्र वस्तीच्या सामायिक धुण्याच्या कुंडावर, डावीकडच्या दगडावर उभे राहिले तर. हिवाळा कसा असतो, हे सिल्वेनने विचारले. तर एकदा हिवाळ्यातही आलो असताना, दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत, नळ गोठून आपण सगळे कोट आणि टोप्या घालून याच मेजावर कसे जेवलो, व्हेर्न्योंनी भांड्यात बर्फ वितळवून सूप कसे केले, हे त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने सांगितले की त्यांचे डोळे पाणावले. "आयुष्यातलं सगळ्यात छान जेवण!" ते म्हणाले. "बायको होती तेव्हा. तिनं हातमोजे घालून चमचा धरला होता."

ओदेतने हात पुढे करून त्यांच्या पेल्यात द्राक्षारस ओतला.

हेझलनटचा केक आला. सिल्वेनने तो न कापता बशीत फिरवला, आणि दुपारपासून मनात धरलेला प्रश्न विचारला. "साहेब, समजा उद्या हे दोघं थकले. दुसऱ्या कुणी हे घर चालवायला घेतलं, हेच जेवण, हीच खोली. तर तुम्ही याल ना?"

आन्सेल्मने केकची सुरी खाली ठेवली. तळघर बुडो, वटवाघळे माळाभर होवोत. या एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले तरी नोंदवही शिल्लक राहत होती.

"मी?" देल्कूरांना प्रश्न गमतीचा वाटला. "कशाला येईन? ऐका, गोष्ट अशी आहे. गादी मऊ नाही. वाट लांब आहे. माझ्या घरापासून समुद्र तासाभरावर. मी येतो ते या माणसाशी वाद घालायला आणि मादामच्या हातचं खायला. आम्ही सगळे सप्टेंबरवाले एकमेकांना पत्रं लिहितो. ठरवून टाकलंय आम्ही. ही दोघं आहेत तोवर ला व्हिलात. नंतर आपापल्या समुद्रावर." त्यांनी पेला उचलला. "तर तुमच्या प्रकृतीला, व्हेर्न्यो! शंभर वर्षं थकू नका."

सर्वांना पेले उचलावे लागले. आन्सेल्मनेही उचलला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बेर्तिये मंडळी निघाली. फार भली माणसे होती. नोएमीने ओदेतला मिठी मारली, केकची कृती लिहून घेतली, आणि गाडीत बसेपर्यंत एकदाही छपराकडे पाहिले नाही. सिल्वेन म्हणाला, "दलाल फोन करील." दलालाचा फोन साडेअकराला आला. त्यांना घर नको होते.

देल्कूर तेव्हा अंगणातल्या बाकावर बुटांचा चिखल काढीत बसले होते. ओदेत काठी टेकत त्यांच्यापाशी गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "कालची माणसं घर घ्यायला आली होती, देल्कूरसाहेब. दोन वर्षं झाली, आम्ही हे घर विकतोय."

देल्कूरांच्या हातातला ब्रश थांबला.

"मग काल मला कुणी खूण तरी करायची होती!"

"दोनदा पाय दाबला," दारातून आन्सेल्म म्हणाले.

"मला वाटलं कुत्रा आहे."

"तेही कळलं."

"पण मी खोटं काय बोललो, व्हेर्न्यो? एक शब्द दाखवा. एक तारीख चुकली असेल तर सांगा."

"एकही नाही."

"आणि मला विश्वासात घेतलं असतंत तर मी गप्प बसलो असतो की नसतो?"

"बसला असता," आन्सेल्म म्हणाले. "आणि पुढच्या वर्षाची खोली सांगितली नसती."

देल्कूरांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर नेहमीप्रमाणे, सुवाच्य अक्षरात, पुढच्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या तारखा लिहिल्या होत्या. तो द्यावा की फाडावा हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी तो बाकावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर ब्रश ठेवला.

तेवढ्यात फाटकाशी गास्पारचा ट्रॅक्टर येऊन थांबला. यंत्र बंद न करताच तो वरून ओरडला, "काय मालक, काय ठरलं? ओकची सुकी लाकडं आता शेवटची राहिलीत. आज नाही म्हणालात तर खालच्या गावाला टाकतो. मग हिवाळ्यात बोलवू नका मला, ऐकू यायचं नाही!"

आन्सेल्म फाटकाकडे निघाले, अर्ध्यात थांबले, आणि मागे वळून पत्नीकडे पाहिले. "आणखी आठवडाभर थांबायला सांगू का त्याला? महिना संपायला अजून दोन आठवडे आहेत. कुणी सांगावं…"

ओदेतने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चादरींच्या खोलीची खिडकी, तळघराचे दार, छपराची कड, असे तिने एकेक पाहून घेतले. एखादी बाई बाजारात वस्तू उलटीपालटी करून पाहते, तसे.

"सगळी टाकायला सांग," ती म्हणाली. "हे घर विकलं जायचं नाही."