वीतभर उलटा पीळ

आमच्या मागच्या खोलीला आग्याचा वास यायचा. आग्या म्हणजे ओढ्याकाठी माजणारं, हात लागला की दिवसभर खाजवायला लावणारं रानटी झुडूप. त्याची पानं झडली की आई हातमोजे चढवून दांडे कापून आणायची आणि टबात दगडांखाली आठवडाभर भिजत घालायची. दांडे कुजायला लागले की शेजारीण खिडक्या लावून घ्यायची. आई म्हणायची, तिला वास आला म्हणजे आपलं काम होत आलं. मग साल सोलायची, मोगरीने कुटायची, फणीने विंचरायची. शेवटी हातात उरायचा तो फिकट, मऊ वाख. तो घाणेरडा वास आज कुठे मिळत असेल तर मी तिकीट काढून जाईन.

वाखाचं सूत कातायला बसलं की माझी पंचाईत व्हायची. मी डावरी. डाव्या हाताने चाती, म्हणजे कातायची टकळी, फिरवली की पीळ उलटा पडायचा, आणि आईच्या सुताशेजारी माझं सूत विणलं की कापडावर तेवढीच पट्टी वेगळी दिसायची. नऊ वर्षांची असताना मी महिनाभर कातलेल्या सुताने आईने टोमॅटोची रोपं बांधली. मग डावा हात मांडीखाली ठेवायला लावून उजव्याने शिकवायला बसली. सूत निघालं ते सगळं गाठीगाठींचं. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही हिचा, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची. मला काही हसू यायचं नाही. मी चातीला हात लावणं सोडलं, ते चांगली चाळीस वर्षं.

यंदा आईने दादाकडे राहायला जायचं ठरलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना हा एवढासा. आईचा विणायचा माग तिथवर चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून रविवारी सुतार येऊन तो मोडणार होता. मागावर आईची शेवटची शाल होती. वीतभर विणायची राहिलेली, आणि सूत संपलेलं. आईची बोटं आता थरथरतात, डोळ्यांना धूसर दिसतं. तिच्याने कातणं होईना. वाखाची एक जुडी तेवढी शिल्लक होती. राहू दे, आहे तिथे कापून टाकू, असं ती म्हणाली खरी, पण दिवसभर मागाजवळून हलली नाही.

मी सुट्टी टाकली आणि गुरुवारी मागच्या खोलीचं दार लावून उजव्या हाताने कातायला बसले. सूत दर हातभर अंतरावर तुटायचं आणि मी स्वतःलाच शिव्या घालायचे. शनिवारी सकाळी जेमतेम पाव चाती भरली. ती आईपुढे ठेवली. तिने सूत चिमटीतून सरकवलं. एक गाठ लागली, दुसरी लागली, तिसरीला थांबली.

"कुठल्या हाताने कातलंस?"

"उजव्या."

"डाव्याने कात."

"पीळ उलटा पडेल, आई. शाल बिघडेल."

"बिघडू दे." तिने सूत बोटाला गुंडाळलं. "तेव्हा मला दुकानाला विकायला एकसारखं कापड द्यायचं होतं. तुझ्या हातात खोट नव्हती गं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

पन्नाशीला टेकलेल्या बाईने असं रडू नये, पण मी रडले. मग नाक पुसून चाती डाव्या हातात घेतली. लाज वाटावी इतकं सरळ सूत उतरलं. संध्याकाळपर्यंत पुरेसं झालं, आणि रविवारी सकाळी आई सांगत गेली तशी मी उरलेली वीत विणून काढली. सुतार वेळेवर आला होता. आईने त्याला पायरीवर बसवून ठेवलं, शेवटचा धागा बसेपर्यंत.

शाल मागावरून उतरवून मी तिच्या मांडीवर पसरली. उजेडात ती शेवटची पट्टी वेगळी चमकत होती, पण आईला ते दिसणार नव्हतं. तिने एका टोकापासून बोट फिरवायला सुरुवात केली. सावकाश, स्वतःच्याच कापडावरून. शेवटाजवळ येऊन बोट थांबलं.

"इथून तू," ती म्हणाली. सुताराने बाहेरून हाक मारली तरी तिने बोट उचललं नाही.