होडीचा रविवार

रागावली की ती नवऱ्याला अहोजाहो करायची. एरवी सगळं ‘अरे’ आणि ‘तू’, लाडात आली तर ‘गधड्या’सुद्धा. पण ‘अहो’ ऐकू आलं की काचवाल्यानं समजून घ्यायचं, आज आपलं काही खरं नाही.

त्या रविवारी सकाळी ती अजून ‘अरे’वरच होती. “अकरापर्यंत येशील ना रे?”

“येतोच गं. एकच काम आहे, थोड्या फटी बुजवायच्यात. तू आणि आई तयार राहा.” लुकणाचा डबा आणि पातं पिशवीत टाकून काचवाला गेलासुद्धा.

खिडक्यांना काचा बसवणं हा त्याचा धंदा. थंडी तोंडावर आली की अख्ख्या गावाला आपापल्या खिडक्यांच्या फटी आठवतात, आणि फटी आठवल्या की हा आठवतो. म्हणजे वर्षात बाहेर हिंडायचे जे चार बरे दिवस, ऊन मऊ, झाडं पिवळी, वारा नुसता गुदगुल्या करणारा, नेमके तेच दिवस हा मेला शिडीवर! तळ्यात होडीतून फिरवून आणतो, हे वचन लग्नाच्या वर्षीचं. त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी ‘पुढच्या रविवारी नक्की’ आणि पुढच्या रविवारी होड्या काठावर पालथ्या, त्या थंडी संपेपर्यंत. “पानगळ आली रे आली की हा माझ्या तोंडाला पानं पुसतो,” असं ती शेजारणीला सांगायची. शेजारीण खो-खो हसायची. तिला हसायला काय जातंय!

यंदा सासूबाईंनीही हट्ट धरला होता. त्यांचे यजमानही काचवालेच. त्यांनीही आयुष्यभर असंच झुलवलं आणि एक दिवस गेले. “मी यांना कधी उलटून बोलले नाही गं,” सासूबाई म्हणायच्या. “तेवढं होडीत बसायचं राहिलं बघ.” आता त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. पुढच्या वर्षी तळ्यापर्यंत चालणं व्हायचं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि होड्या उद्या, सोमवारी, पाण्याबाहेर निघणार होत्या. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

म्हातारी साडेसातपासून कोट घालून, लोकरी टोपी चढवून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसली होती. अकरा वाजले. बारा वाजले. फोन वाजून वाजून बंद होत होता. साडेबाराला सुनेनं डब्याची पिशवी उचलली. “आई, उठा.”

“अगं, येईल तो...”

“आला तर येऊ दे. आपण निघालो.”

म्हातारी लगेच उठली. तिला कोणीतरी हे म्हणायचीच खोटी होती.

वीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागला. दिसेल त्या बाकावर टेकत, गुडघे चोळत दोघी चालल्या. सगळं गाव बाहेर पडलं होतं. सायकली काय, कुत्री काय, पोरं पानांच्या ढिगात उड्या मारतायत, बाप लोक गवतावर आडवे पडलेत. आणि सगळ्यांच्या घरच्या खिडक्या घट्ट! कोणी केल्या घट्ट? हिच्या नवऱ्यानं! तिच्या डोक्यात नुसती तिडीक जात होती.

तळं आलं आणि ती जागच्या जागी थांबली. काठावर ओळीनं होड्या पालथ्या पडल्या होत्या. आणि त्यातल्या एकीवर वाकून, जीभ दातात धरून, तळाच्या फळ्यांत लुकण भरत होता काचवाला.

“वहिनी, तुम्ही इकडे कशा?” दोर गुंडाळता गुंडाळता होडीवाला म्हणाला. “उद्याच काढणार होतो, पण हेच म्हणाले, उद्या दुसरीकडे काम आहे, आज उरकून टाकू. सकाळी दोघांनी मिळून ओढल्या.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो,” ती म्हणाली.

काचवाल्याच्या हातातलं पातं खाली पडलं. “अगं... निघतच होतो. कामाच्या नादात डोक्यातून गेलं बघ.”

“डोक्यातून गेलं? होडीवर ओणवे झालात आणि होडीत बसायचं डोक्यातून गेलं? अकरा वर्षं ह्या होड्यांच्या फटी बुजवताय, एकदा बायकोला बसवलंत का हो? आईंना सकाळपासून टोपी घालून बसवलंय मी! आणि होड्या काढल्या कोणी? तुम्ही!”

“ऐक ना, पुढच्या...”

“म्हणा! म्हणून तर बघा!”

त्यानं वाकून पातं उचललं.

सासूबाई मात्र पुढे गेल्या होत्या. पाण्यात एकच होडी उरली होती. तिला आपल्या हातातल्या काठीनं ढोसत त्यांनी विचारलं, “ही का ठेवली?”

“फुटकी आहे आजी. तळाला फट आहे, पाणी येतं. आधी उपसायला हवी, म्हणून ओढायची शेवटी ठेवली.”

“तरंगते ना? मग हात धर माझा.”

होडीवाल्यानं काचवाल्याकडे पाहिलं, मग वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हात पुढे केला. “काठाकाठानंच फिरा,” तो म्हणाला. “इथं कमरेएवढंच पाणी आहे.”

सुनेनं आयुष्यात पहिल्यांदा वल्हं धरलं होतं. पाण्यानंच काही गुन्हा केल्यासारखी ती ते हाणत होती आणि होडी गोल गोल फिरत होती. बुटांत गार पाणी शिरलं. सासूबाई डब्याच्या झाकणानं पाणी उपसत होत्या. मध्येच त्यांनी टोपी काढली, तोंडावर ऊन घेतलं, चारी बाजूंना पाहिलं.

“एवढंच होतं होय गं?” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज संतापानं कापत होता. “घरापासून एवढंसं? आणि मला चाळीस वर्षं बसवून ठेवलं!”

काठावरून काचवाला ओरडला, “आई, पाणी येतंय! फट कुठंय ती दाखव मला!” कोणी उत्तर देईना, तसा तो बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला. मग केविलवाण्या आवाजात म्हणाला, “मला पण घ्या ना.”

सुनेनं तोंड उघडलं होतं, पण सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं. पोटच्या मुलाला त्यांनी जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“अहो,” नवऱ्याला हाक मारावी तशा, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा त्या ओरडल्या, “पुढच्या रविवारी!”

त्या मुलाकडे बघत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी झाकण पुन्हा होडीच्या तळाला लावलं आणि उपसू लागल्या.