तिसऱ्या रविवारची घोषणा

आमच्या उमेळे गावात लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार त्याची घोषणा होते. मुलाचं नाव, मुलीचं नाव, दोघांचे आईबाप, आणि शेवटी फादर म्हणतात, या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्याने कळवावं. इतकी वर्षं ते वाक्य ऐकताना मी कोण काय नेसून आलंय ते बघत असायचे. पण माझ्या लेकीच्या, एलिनाच्या नावाने ते वाचलं गेलं आणि मी मान खाली घातली. माझ्या मागच्याच बाकावर क्लेमेंटीन बसली होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

क्लेमेंटीन म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यानंतर राहायला आलेली बाई. पासष्टीची, विधवा, बोलायला साखरेसारखी. आमची केळीची वाडी होती तिथेच आता ही बिल्डिंग आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: मी, माझा नवरा लुईस आणि एलिना. पहिल्याच दिवशी जिन्यात ती मला निरखून बघत म्हणाली, "तू नाशिकला होतीस ना गं? बाळ कसंय?"

माझ्या हातातली मासळीची पिशवी सुटली आणि बोंबील चार पायऱ्या खाली गेले. तिने ते एकेक वेचून दिले, वर म्हणाली, "घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार?"

काय सांगणार, ते आता मीच सांगते. सव्वीस वर्षांपूर्वी लुईसची नोकरी नाशिकला होती. माझी धाकटी बहीण सबिना, एकोणीस वर्षांची, शिवण शिकायला म्हणून आमच्याकडे आली. खरं म्हणजे तिला दिवस गेले होते. बाळाचा बाप कोण, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी ती गेली. गावात आम्ही कावीळ झाली असं सांगितलं, तिला इथल्या दफनभूमीत पुरलं, आणि चार महिन्यांनी बाळ घेऊन परत आलो ते माझं म्हणून.

बाळ अगदी अशक्त होतं. जगेल की नाही कळेना, म्हणून तिथल्या फादरांना बोलावून खाटेजवळच बाप्तिस्मा करून घेतला. धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळासाठी उभी राहणारी बाई, कोण, असं फादरांनी विचारलं. घरचं कुणीच नव्हतं. त्या प्रसूतिगृहातली एक आया गळ्यात क्रूस घालून उभी दिसली, तिलाच मी पुढे केलं. फादरांनी आईच्या जागी माझं नाव लिहिलं तरी तिने चकार शब्द काढला नाही. ती आया म्हणजे क्लेमेंटीन.

आता लग्नासाठी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागवावा लागतो. तो नाशिकहून आला आणि एलिनाने वाचला. "मम्मी, माझी धर्ममाता वारली म्हणालीस ना? ही तर समोरची आंटी!" पोरीला कोण आनंद! मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. तेव्हापासून घराचा दरवाजा क्लेमेंटीनला सताड उघडा.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तशी गत झाली. गॅसवाला आला तर उघडेन, म्हणून तिने आमच्या घराची चावी घेतली. मग मी बाजारातून यावं तर ही माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चमच्याने माझी आमटी चाखतेय. एलिनाचा लग्नाचा गाऊन घ्यायला तीच गेली. एलिना हसून तिच्या मांडीवर डोकं टेकायची तेव्हा तिच्या डोक्यावरून क्लेमेंटीनचे डोळे माझ्याकडे वळायचे. नुसते बघायचे. मला त्या बघण्याची इतकी भीती बसली की मी माझ्याच घरात पावलं न वाजवता चालायला लागले.

दुसऱ्या रविवारची मिस्सा संपली आणि तिने मला पोर्चमध्ये गाठलं.

"रिटा, लग्नाच्या दिवशी एलिनाच्या डोक्यावर व्हेल मी घालणार."

"आमच्याकडे नवरीच्या डोक्यावर ती जाळी घालायचा मान आईचा असतो," मी म्हणाले.

"हो ना? मग विचारूया का तिला, आईचा म्हणजे कुणाचा?" माझ्या साडीची पिन नीट करत ती हसली. "आणि हे बघ, माझा भाचा त्याचा फ्लॅट खाली करायला सांगतोय. एलिना अर्नाळ्याला सासरी गेली की तिची खोली रिकामीच. मी काय, कोपऱ्यात पडून राहीन."

घरी येऊन लुईसला सांगितलं. देवमाणूस आहे, पण देवासारखाच गप्प बसतो. म्हणाला, "राहू दे की. काय फरक पडतो?"

"मरेपर्यंत राहील ती!" मी ओरडले. "आपण जेवताना, झोपताना, प्रार्थना करताना समोर बसून राहील!"

रागापेक्षा मला भीतीच जास्त होती. क्लेमेंटीन कधीतरी सांगणारच होती. लग्नाच्या दिवशी, नाहीतर एलिनाला पहिलं मूल होईल तेव्हा. तिच्या तोंडून ते ऐकलं की पोरगी माझी राहणार नव्हती.

आमच्याकडे लग्नाआधी नवरी कबरींवर जाऊन घरच्या मेलेल्यांना आमंत्रण देते. बुधवारी दुपारी आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. एलिनाने सबिनाच्या कबरीवर शेवंती ठेवली आणि नेहमीसारखी गप्पा मारायला लागली. "मावशी, पुढच्या शनिवारी यायचं हां. नवरदेव जॉयल थोडा बुटका आहे, पण चालेल तुला."

"ती तुझी मावशी नाही," मी म्हणाले.

पुढचं सगळं मी कबरीच्या दगडाकडे बघून सांगितलं. पोरीकडे बघायची हिंमत नव्हती.

"दाखल्यावर तुझं नाव आहे," ती म्हणाली.

"ते खोटं आहे, बाय."

"आणि क्लेमेंटीन आंटीला माहितेय?"

"हो."

"म्हणजे शेजारणीला माहितेय आणि मला नाही." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "दर वर्षी मी इथे फुलं ठेवते, मम्मी. तू बाजूला उभी असतेस. दर वर्षी!"

स्कूटर घेऊन ती एकटीच निघून गेली. मी चालत घरी आले. ती टिफनीकडे, म्हणजे तिच्या मैत्रिणीकडे राहिली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. फोन उचलला नाही. जॉयलनेही उचलला नाही. दर दोन तासांनी क्लेमेंटीन चावीने दार उघडून आत यायची आणि विचारायची, "पोर कुठे दिसत नाही?"

तिसऱ्या रविवारी क्लेमेंटीन सरळ माझ्या शेजारी येऊन बसली, एलिनाच्या जागेवर. एलिना जॉयलबरोबर पुढच्या बाकावर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तूच सांगून बसलीस वाटतं," क्लेमेंटीन माझ्या कानाशी पुटपुटली. "वेडे, आता ती माझ्याकडेच येईल. तिच्या खऱ्या आईला शेवटचं पाहिलेली मीच तर आहे."

हे मला सुचलंच नव्हतं.

फादरांनी कागद उघडला. जॉयलचं नाव, त्याच्या आईबापांची नावं. मग ते थांबले, चष्मा नीट केला. लग्न मोडलं, मला वाटलं. किंवा माझं नाव काढून टाकलं असणार. मी लुईसचा हात इतका घट्ट धरला की त्याने श्वास आत ओढला.

"आणि उमेळ्याची एलिना," फादरांनी वाचलं, "दिवंगत सबिना हिच्या पोटी जन्मलेली, लुईस आणि रिटा यांची कन्या."

चर्चभर कुजबुज पसरली. माना वळल्या. पुढच्या रांगेतली माझी चुलतजाऊ तर अख्खीच वळली. बघू दे. पोरीनेच हे फादरांना लिहून दिलं असणार. या लग्नाला अडथळा कुणाला ठाऊक असेल तर, असं फादर म्हणाले तेव्हा मी क्लेमेंटीनकडे पाहिलं. तिच्या बोटांतली रोझरीची माळ जिथल्या तिथे थांबली होती. तिच्याकडे सांगण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

मिस्सेनंतर एलिना पायऱ्यांवर उभी होती. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता तिने क्लेमेंटीनपुढे हात पसरला.

"आंटी, आमच्या घराची चावी."

"अगं, मी तुझी धर्ममाता, मी तुझ्यासाठी..."

"चावी."

क्लेमेंटीनने ती पर्समधून काढून दिली आणि रिक्षांच्या दिशेने चालायला लागली. एलिनाने चावी माझ्या हातात ठेवली.

"मी अजून रागावलेय," ती म्हणाली.

"हो."

"खूप दिवस रागावणार आहे."

"हो, बाय."

"व्हेल तूच घालायचास." आता कुठे तिने माझ्याकडे पाहिलं. "पण सकाळी आधी तिच्या कबरीवर नेऊन ठेवायचा. थोडा वेळ तरी."

मी मान हलवली. आम्ही तिघं घरी चालत गेलो. एलिना आमच्या चार पावलं पुढे होती.