दोघांच्या गोळ्या

उंबराची साल तांदळाच्या धुवणात उकळू लागली की तिचा तुरट, ओलसर वास मागच्या पडवीतून घरभर पसरे, आणि शेवंताबाईचा त्रास पुन्हा सुरू झाला हे कुणी न सांगता समजे. शेवंताबाई माझी थोरली जाऊ. एकोडीच्या घरात ती आवाजापेक्षा अशा वासातूनच अधिक जाणवे. बोलणं कमी, पाऊल हलकं, आणि बसताना एक हात ओटीपोटावर, आत निजलेलं काही जागं होऊ नये असा.

गावात या दुखण्याला धुपणी म्हणतात. अंगावरून पांढरं जातं, आग होते, कंबर भरून येते. शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, माती पाण्यासोबत कणाकणाने जावी तशी बाई आतून झिजत राहते. रोवणीच्या दिवसांत, आषाढाच्या राखी उजेडात, चिखलात वाकलेल्या बायांच्या ओळीतून ती मध्येच उठून जाई. "काय वो शेवंता, धुऱ्यामागं कोन बसला हाय तुयी वाट पाहत?" ओळीत हसू फुटे. तीही हसे, आणि परत येऊन रोपांची पेंडी उचले.

सालीने थंडावा येई, कडुलिंबाच्या पाण्याने आग निवे; दुखणं मात्र जात नसे. शेवटी मी तिला साकोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, हा संसर्ग नवराबायकोत फिरतो, गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या. भासऱ्यांसमोर, म्हणजे तिच्या नवऱ्यासमोर, धाकट्या सुनेनं बोलायचं नाही ही घरची रीत. सांगणं तिच्यावरच आलं. भिंतीपलीकडून त्यांचं उत्तर ऐकू आलं, "दुखनं तुले, मी कायले खाऊ? मी का बाई आहो?"

पुढच्या आठवड्यात दोन्ही पाकिटं रिकामी दिसली. मी विचारलं.

"त्यायच्याबी मीच खाल्ल्या," ती म्हणाली. "वाया कायले जाऊ द्याच्या? तेवढंच लवकर बरं वाटन."

उलट्यांनी तिचा चेहरा उतरला होता. दुखणं तिचं, म्हणून औषधही सारं तिचंच, इतका सरळ तिचा हिशेब होता. मी पुन्हा समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे पाहिलं.

काही काळ बरं वाटलं, मग तेच सुरू झालं. डॉक्टरी औषध हिला उष्ण पडतं, असा निष्कर्ष घरात निघाला आणि साल पुन्हा चुलीवर चढली. साल की गोळी, हा वाद पुढे कित्येक पावसाळे चालला. ज्याच्याकडून दुखणं परत येत होतं, त्याचं नाव त्या वादात कधी आलं नाही. तिला ताप येऊ लागला, मूल राहिलं नाही. एका पौषात, धान घरात आल्यावर, भासऱ्यांनी तिला लाखांदूरकडे माहेरी पोचवलं. बरी झाली की घेऊन येईन, म्हणाले. एसटीच्या खिडकीशी बसून तिनं पदर सारखा केला, पाहुणी निघते तसा.

आणायला कुणी गेलं नाही. तिच्या जागी दुसरी आली. त्या नवीला या दुखण्याचं काही सांगितलं गेलं नाही. शेवंताबाई परत यायची नाही हे नेमकं कधी ठरलं, ते आज घरात कुणालाच आठवत नाही. गेलेल्या माणसाला निदान तिथी असते. जिच्या नसण्याला आरंभच सापडत नाही, तिचं नसणं संपणार तरी कधी.