तिरपा पलंग

माडीवरच्या पुढच्या खोलीतला पलंग तिरपा होता. भिंतीला टेकलेला नाही, दाराशी सरळ नाही, मधेच वाट अडवून बसलेला. त्यात चारही पाय स्क्रू मारून जमिनीला जखडलेले, म्हणजे सरकवायचीही सोय नाही. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या त्या घरात केर काढताना मालकीणबाईंची नडगी त्याच्यावर आपटली नाही, असा आठवडा जात नसे.

"सुताराच्या घरी पलंग वाकडा! काटकोन शिकवला नाही का कुणी तुम्हाला?" ती नवऱ्याला म्हणायची. खिडकीही त्याने नको तितकी खाली काढली होती. "आणि ही कुणासाठी, मांजरासाठी?"

"अगं, एकदा पडून तर बघ," तो हसायचा.

"पडते की. खालची कामं तुमचे पूर्वज येऊन करतील!"

पाहुण्यांच्या पलंगावर बसायचं नाही, हा तिचा नियम होता. चादर ताठ हवी, तिच्यावर घरच्या माणसाची एक चुणीही पडता कामा नये. खोली बांधून झाली त्याच उन्हाळ्यात पाहुणे आले, आणि नवराबायको कोळशाच्या कोठाराशेजारच्या मागच्या खोलीत झोपायला गेले ते कायमचेच. नवरा गेला तोही त्याच खोलीत. पाहुणे जे बघायला येत त्या समोरच्या तळ्याचं म्हणाल, तर तिला त्याचं कौतुक उरलं नव्हतं. बाजारात जाताना ते डाव्या हाताला असायचं, येताना उजव्या.

आता धाकटी बहीण तिला खाली शहरात न्यायला आली होती. गुडघे कुरकुरतात, जिना उभा, हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ. एकटीने राहायचं कसं? घर शेजारचा बेकरीवाला घेणार होता, आणि त्या दिवशी सकाळी तो किल्ल्या न्यायला येणार होता. तिचा जीव तुटत होता. पण एवढ्या खोल्यांत आपली म्हणावी अशी एकही नाही, मग रडायचं तरी कशासाठी? असं मनाला बजावून तिने पिशव्या दाराशी आणून ठेवल्या.

धाकटी आल्यापासून धुकं हटलं नव्हतं. "ताई, लोक एवढ्या लांबून इथे बघायला येतात तरी काय? दूध सांडल्यासारखं सगळं पांढरं!" तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. त्या सकाळी मात्र हाकांवर हाका मारल्या तरी वरून ओ नाही. गुडघे विसरून ताई चहाचा कप घेऊन जिना चढली.

धाकटी तिरप्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळे भरलेले.

"काय गं, बरं नाही का वाटत?"

"बस."

"अगं, चादर..."

"चादर गेली खड्ड्यात. ताई, इथे बस. डोकं टेक."

ती टेकली.

धुकं उठलं होतं. उभ्याने पाहिलं की याच खिडकीत छपराची कड डोंगराचा माथा कापायची आणि मधोमध बेकरीचं धुराडं यायचं. ते तर तिला पाठच होतं. आता धुराडं चौकटीच्या लाकडामागे गेलं होतं. डोंगर पायथ्यापासून बर्फाच्या टोकापर्यंत अख्खा उभा होता, आणि त्याच्याखाली तळ्यात दुसरा, उलटा, तितकाच उंच. दोन्ही त्या चौकटीत नेमके बसलेले. वरच्या टोकाला ऊन लागलं, तसं खालच्यालाही लागलं. पाणी जराही हलत नव्हतं. तिला श्वास सोडायची भीती वाटली. एवढं मोठं काहीतरी घरात येत होतं, आणि ती खाली कांदे चिरत होती.

मग तिला डोळ्यांसमोर नवरा दिसला. नुसत्या फळ्यांवर आडवा पडून बघणारा, उठून पलंग बोटभर सरकवणारा, पुन्हा पडणारा. आणि जमल्यावर, कुणी हलवू नये म्हणून, स्क्रू आवळणारा.

खालून बेकरीवाल्याची हाक आली. "मालकीणबाई, किल्ल्या?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "काय सांगू त्याला?"

"सांग, पुढची खोली रिकामी नाही."

"आणि तुझे गुडघे?"

"आत्ता आणलंच ना त्यांनी वर?"

डोळे पुसत धाकटी खाली गेली. ताईने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि चुरगळलेल्या चादरीवर अंग टाकलं.

"अहो," ती खिडकीकडे बघत म्हणाली, "पडले हो एकदाची."