दोन माणसांचं इंजिन

ती बोट तुम्ही मारलीत. गंजाने नाही, लाटांनी नाही, म्हाताऱ्या मालकाच्या हलगर्जीपणाने तर नाहीच. तुमच्या कचेरीने मारली, हातभर तारेने. कागदावर तुम्ही भलतंच लिहून ठेवलंय, म्हणून झालं तसं सांगणं भाग आहे.

मासेमारी बंद असते त्या दोन-तीन महिन्यांत तुमची माणसं धक्क्यावर येतात आणि प्रत्येक बोटीला सील ठोकतात. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याला तार गुंडाळायची, टोकाला शिशाची गोळी दाबायची. इंजिन चाललं तरी बोट जागची हलत नाही. याबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. यंदा तुम्हाला नवी अक्कल सुचली. आधी इंजिन चालू करून दाखवा, मग सील काढू. शेवटच्या दिवशी चारपर्यंत ज्याचं चालू होणार नाही, त्याचा परवाना कायमचा रद्द.

त्या शेवटच्या दिवशी भर दुपारी धाकटा इंजिनाच्या खड्ड्यात गुडघे मोडून बसला होता. धाकटा म्हणजे साठीला टेकलेला माणूस. धक्क्यावर दोघे भाऊ होते तेव्हा पडलेलं हे नाव, थोरला निघून गेला तरी त्याला चिकटून राहिलं. चाळीस वर्षं थोरल्याने खाली इंजिन पाहिलं आणि धाकट्याने वर सुकाणू. मध्ये एक फळी. बोलायचं ते फळीवर टाच आपटून.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याचे गुडघे गेले. तो मुलीकडे राहायला निघाला आणि जाता जाता म्हणाला, बोट विकून टाकू. धाकट्याच्या तोंडाला कधी लगाम नव्हता. जा, म्हणाला, जावयाच्या दारात खुर्ची टाकून बस. थोरला गेला. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. धाकट्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरी भांडायलाही कुणी उरलं नाही.

स्टार्टर फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. बॅटरी टणटणीत. टाकीत डिझेल. फिल्टर त्याने सकाळीच बदलला होता. मग राहिली हवा. डिझेलच्या नळीत हवा शिरली की डिझेल पुढे सरकत नाही. ती काढायची तर एकाने वर सुकाणूपाशी स्टार्टरचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली नोझलचा नट सैल करून बघत राहायचं. बुडबुडे येतात की डिझेल, की काहीच नाही.

बघायला खाली कुणी नव्हतं. धाकटा नट सैल करायचा, सात पायऱ्या चढायचा, बटण दाबायचा, धापा टाकत खाली यायचा. तोवर सगळं शांत. असं त्याने अकरा वेळा केलं. एकदा तर खालूनच “दाब” म्हणून ओरडला आणि पाना धरून खुळ्यासारखा थांबून राहिला.

धक्क्यावर बाकी पाचच बोटी उरल्या होत्या. त्यांची तपासणी सकाळी झाली आणि त्या गेल्याही. उरले होते फक्त तुमचे साहेब, सावलीत, मांडीवर रजिस्टर घेऊन. धाकट्याने त्यांना हात जोडून विनवलं, दोन मिनिटं बटण तेवढं दाबून धरा. साहेब म्हणाले, यंत्राला हात लावणं आमच्या कामात बसत नाही.

पावणेतीनला त्याने फोन काढला. नंबर तोंडपाठ होता.

“मी बोलतोय.”

पलीकडून थोरला म्हणाला, “चालू होत नाही ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“नाहीतर तू कशाला फोन करशील?”

धाकट्याने सगळं सांगितलं. थोरल्याने मध्येच तोडून विचारलं, धूर येतो का. काळा नाही, पांढराही नाही. मग त्याने फोन डिझेलच्या पंपापाशी ठेवायला लावला आणि वर जाऊन दहा आकडे मोजेपर्यंत दाब म्हणाला. धाकट्याने दाबलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो वर होता आणि खाली कुणीतरी होतं.

“हवा नाही ती,” तो खाली आल्यावर थोरला म्हणाला. “हवा असली की मधूनमधून खोकतं. हे कोरडं फिरतंय. बंद करायचा दांडा कसा आहे?”

“आहे तसाच आहे.”

“हात लावून सांग, येड्या. चष्म्यातून सांगू नकोस.”

इंजिन बंद करायला पंपाच्या मागे बोटभर दांडा असतो. तो ओढला की डिझेल तुटतं. धाकट्याने हात मागे घातला. दांडा ओढलेलाच होता आणि हलत नव्हता. त्याच्याभोवती तार होती. सील लावायला तुमची माणसं आली त्या दिवशी तो तापाने अंथरुणात होता. बोटीची किल्ली त्याने कुणाच्यातरी हाती पाठवली होती. गोळी पंख्याच्या दांड्यापाशी जिथल्या तिथे होती, पण तारेचं दुसरं टोक कुणीतरी आणून या दांड्याला आवळलं होतं. आणि तपासणीला इंजिन चकचकीत दिसावं म्हणून धाकट्याने गेल्याच आठवड्यात त्यावर करडा रंग फासला होता. तारेवरसुद्धा.

“तार आहे,” तो म्हणाला.

“कुणाची?”

“साहेबांची.”

थोरला हसला. “मग बोलाव साहेबांना.”

साहेब आले, वाकले, टॉर्च मारली. रजिस्टरात लिहिलं होतं, सील पंख्याच्या दांड्याला. पंपाच्या दांड्याचा उल्लेख नव्हता. तेव्हा, साहेब म्हणाले, ही तार इथे नाहीच. इंजिन चालू करा, सील काढतो. धाकट्याने सांगून पाहिलं की सील काढल्याशिवाय चालू होणारच नाही. साहेब म्हणाले, तसा अर्ज द्या, पुढच्या आठवड्यात वर पाठवू. चार वाजायला वीस मिनिटं होती. ते परत सावलीत जाऊन बसले.

“दादा,” धाकटा फोनवर म्हणाला, “कापू?”

पलीकडे कुणाच्या तरी घरात भांडी वाजत होती.

“मी खाली असतो,” थोरला म्हणाला, “तर तुला विचारलं नसतं.”

धाकट्याने पकडीने तार तोडली, वर गेला, बटण दाबलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनाने पकडलं. काळा लोट गेला आणि ठोके एका लयीत पडू लागले. तो खाली आला तेव्हा फोन पंपापाशी तसाच चालू होता. थोरला तिकडून ऐकत होता. धाकटाही शेजारी बसून राहिला.

“वाल्वचे टॅपेट ढिले झालेत,” थोरला म्हणाला. “आवळून घे.” आणि फोन बंद झाला.

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या. इंजिन सुस्थितीत. सील तोडलेले, सबब परवाना कायमचा रद्द, बोट जप्त. पंख्याच्या दांड्यावरची उरलेली तार त्यांनी पुरावा म्हणून काढून घेतली. बोट तुमच्या आवारात धाकट्यानेच नेऊन द्यायची होती. पाऊण तासाची वाट. दर पाच मिनिटांनी तो सुकाणू दोरीने बांधून खाली उतरायचा, इंजिन बघायचा आणि परत वर यायचा. आवाराच्या फाटकाशी त्याने किल्ली दिली आणि चालत घरी आला. टॅपेट आवळायचे राहून गेले.

आता तुम्ही बोला. तुमचा एकही नियम न मोडता, चारच्या आत, ते इंजिन कसं चालू करायचं होतं? नियमानुसार कार्यवाही केली, हे आम्हाला सांगू नका, ते तुमच्या रबरी शिक्क्यालाही येतं. नीट लिहा. आधी कशाला हात लावायचा, मग कशाला, आणि तारेचं काय करायचं. धाकट्याचा पत्ता तुमच्या रजिस्टरात आहे. कधी देताय उत्तर?